लाल शेवाळात परकं जनुक: बंदूक, मणी, वीज की जिवाणू?

जून उजाडला की असा एक तरी फोन येतोच. "ताई, जीन गन मागवू की इलेक्ट्रोपोरेटर?" शेवाळात परकं जनुक घालायची ही दोन यंत्रं: एक सोन्याचे कण मारणारी बंदूक, दुसरं विजेचा झटका देणारं. पलीकडे एमएस्सीची किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षातली कुणीतरी असते. प्रस्ताव पाठवायला चार दिवस उरलेले आणि यंत्रसामग्रीचा रकाना कोरा. मी उलट विचारते, "शेवाळ कुठलं?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "लाल."

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या मासळीच्या जेटीवर जाऊन "मासा द्या" म्हणण्यातला हा प्रकार. लाल शेवाळं म्हणजे एकाच घरातली भावंडं नव्हेत. त्यांच्यातल्या दोन टोकांमधलं अंतर आंबा आणि नेचा यांच्यातल्या अंतरापेक्षा कमी नसेल. (शेवाळावर काम करते म्हटलं की माझी आत्या अजून विचारते, "काकडं घालता ना त्यात? नाहीतर घसा खाजतो." तिच्या डोळ्यांपुढे पावसाच्या तोंडावर बाजारात येणारी शेवळं ही रानभाजी असते.)

म्हणून हा आढावा मी उलट्या क्रमाने लिहिते आहे. आधी शेवाळ, मग कन्स्ट्रक्ट (आत घालायला जुळवलेला डीएनएचा तुकडा), मग डीएनए आत घालायची पद्धत. यंत्राचा रकाना शेवटी भरायचा. डीएनए पेशीत ढकलणं हे या कामातलं तुलनेने सोपं काम आहे. आत गेलेलं जनुक बोलतं का, म्हणजे त्यावरून प्रथिन बनतं का, आणि बोललं तर किती दिवस, खरी कुस्ती तिथे होते.

कुठलं शेवाळ

आपल्या किनाऱ्यावरून बघितलं तर तीन समुद्री उमेदवार समोर येतात: पोर्फायरा, ग्रॅसिलारिया आणि कप्पाफायकस. चौथा गट एकपेशीय लाल शेवाळांचा. तो किनाऱ्यावर दिसत नाही, म्हणून विसरला जातो. माझ्या मते नवख्या माणसाने आधी त्याच्याकडेच बघावं, पण ते पुढे.

पोर्फायराचं नाव आता बदललं आहे. नोरी या जपानी खाद्य शेवाळाच्या जाती आधी पायरोपियात गेल्या, त्यातल्या काही नंतर निओपायरोपियात. जुन्या लेखांत सगळं पोर्फायराच सापडेल, मीही सोयीसाठी तेच नाव वापरते. कोकणात पोर्फायरा व्हिएतनामेन्सिस ही जात पावसाळ्यात कातळाच्या वरच्या पट्ट्यात, लाटांचे तुषार अंगावर घेत वाढते. पाऊस सरला की ती पाती दिसेनाशी होतात. ते पान हातात घेतलं की ओल्या पतंगी कागदासारखं लागतं, आणि यातच त्याची गंमत आहे. ते एका पेशीच्या जाडीचं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली पसरलं की प्रत्येक पेशी समोरासमोर दिसते. बंदुकीने कण मारले तर ज्या पेशीला लागले ती लपत नाही, रंगवल्यावर मोजता येते. शिवाय पोर्फायराच्या एकेका सुट्या पेशीत नवं पान उभं करायची ताकद असते. परकं जनुक एका पेशीत गेलं आणि त्या पेशीतून अख्खं पान आलं, तर अर्धं बदललेलं, अर्धं मूळचं अशी खिचडी होत नाही.

ग्रॅसिलारियाचं बरोबर उलट. ग्रॅसिलारिया कॉर्टिकाटा आपल्या खडपांवर भरपूर. ओहोटीला कालवं काढणाऱ्या बायांच्या पायाखाली तेच असतं. मिळायला सोपं, आगर (जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ) देतं, म्हणून प्रस्तावात छान दिसतं. पण त्याची फांदी कूर्चेसारखी टणक आणि अनेक थरांची. बंदुकीचे कण बाहेरच्या सालीत अडकतात. बाहेरच्या चार पेशी निळ्या झाल्या, म्हणजे खूण म्हणून घातलेलं जनुक तिथे बोललं, तरी त्यांच्यातून नवी फांदी येईलच असं नाही. मलेशियात ग्रॅसिलारिया चँगीवर २००३ च्या सुमारास लॅकझेड हे निळा रंग देणारं खुणेचं जनुक बंदुकीने घालून दाखवलं गेलं, म्हणजे हे अशक्य नाही. पण तिथून पुढे पिढ्यान् पिढ्या टिकणारं झाड हातात येणं हा वेगळाच डोंगर.

कप्पाफायकसबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. लाल समुद्री शेवाळात परक्या जनुकाची अभिव्यक्ती दाखवण्याचा सुरुवातीचा प्रयोग याच्यावरच झाला, १९९१ मध्ये, बंदुकीने, गस हे तसंच निळा रंग देणारं जनुक वापरून. तेव्हा इतिहासात मान आहे. पण शेतात ते बियाणाने नाही, तुकडे बांधून वाढवतात. तुकडा सुटला की तोच नवं झाड. तमिळनाडूत मन्नारच्या आखातात हे शेवाळ शेतीतून सुटून क्रुसडाई बेटाजवळच्या प्रवाळांवर पसरल्याचं २००८ मध्ये नोंदवलं गेलं, आणि तेव्हा ते जनुक बदललेलंही नव्हतं. आपल्याकडे मे अखेरीपासून समुद्र तापतो आणि जूनमध्ये दोऱ्या तुटतात, हे तराफे लावणाऱ्या कुठल्याही गटाला विचारा. जनुक बदललेलं कप्पाफायकस मालवणच्या प्रवाळांजवळ कुणी तराफ्यावर बांधणार असेल, तर मी त्या प्रस्तावावर सही करणार नाही. प्रयोगशाळेच्या बंद टाकीत ठेवणार असाल तर वेगळी गोष्ट, पण मग तुकड्यांनी वाढण्याचा जो फायदा तोच डोक्याचा ताप होतो. गाळणीतून एक कण जरी निसटला तरी तो जिवंत असतो.

आता चौथा गट. पोर्फिरिडियम हे खाऱ्या पाण्यात वाढणारं एकपेशीय लाल शेवाळ. त्याला धड पेशीभित्ती नाही, बाहेर गंधकयुक्त शर्करेची बुळबुळीत पिशवी असते. इस्रायलमध्ये बेन-गुरियन विद्यापीठाच्या गटाने २००२ मध्ये बंदुकीने त्याच्या हरितलवकात बदललेलं जनुक बसवून तणनाशक सोसणारं पोर्फिरिडियम तयार केलं. २०१८ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटाने आणखी चकित करणारी गोष्ट दाखवली. पोर्फिरिडियम पर्प्युरियमच्या केंद्रकात जिवाणूंचं साधं प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं कडं) शिरलं तर ते गुणसूत्रात न घुसता वेगळंच राहतं आणि स्वतःच्या प्रती वाढवतं. दुसऱ्या जिवांत असं सहसा घडत नाही. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की जनुक कुठल्या जागी जाऊन बसलं यावर अभिव्यक्ती हेलकावत नाही.

याच गटातलं दुसरं नाव सायानिडिओशायझॉन मेरोले. इटलीतल्या गरम, आम्लधर्मी झऱ्याचं हे शेवाळ. पीएच दोन-अडीच, तापमान ४२ ते ४५ अंश, आणि पेशीला टणक भिंत नाही. त्याचा जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, २००४ मध्येच वाचून झाला, जेमतेम साडेसोळा दशलक्ष बेसचा. त्याच वर्षी त्यात हव्या त्या जागी जनुक बसवता येतं हेही दाखवलं गेलं. बाकीच्या लाल शेवाळांत जनुक कुठे जाऊन पडेल याचा भरवसा नसताना ही फार मोठी सोय आहे. (तुरळ-आरवलीच्या गरम कुंडांत शोधायला जाऊ नका. आपलं पाणी गरम असलं तरी आम्लधर्मी नाही. संवर्धन संग्रहातूनच मागवावं लागतं.)

आपल्यासारख्या ठिकाणी सायानिडिओशायझॉनचा एक फायदा कुठल्याच शोधनिबंधात लिहिलेला नसतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा मी ज्या प्रयोगशाळेत होते तिथली वीज तीन दिवस गेली. जनरेटर होता, डिझेल नव्हतं. वीस अंशावर ठेवलेल्या पोर्फायराच्या बाटल्या दुसऱ्या दिवशी फिकट झाल्या, तिसऱ्या दिवशी पाण्याला वास सुटला. दीड वर्षाचं काम होतं. बेचाळीस अंशाला राहणाऱ्या जिवाला मे महिन्यातली बंद खोली म्हणजे थोडी गार हवा. त्याची वाढ मंदावते, इतकंच. आणि अडीच पीएचच्या माध्यमात बुरशी-जिवाणूंचं फारसं काही चालत नाही. संसर्गाने हैराण झालेल्या माणसाला याची किंमत कळेल.

मग सगळ्यांनी तेच का घेऊ नये? कारण त्याला पान नाही, जीवनचक्राचे टप्पे नाहीत, आगर नाही, कॅरॅगीनन (कप्पाफायकसमधला आगरासारखा पदार्थ) नाही, शेती नाही. प्रश्न जर "पान कसं तयार होतं" किंवा "आगर कसं बनतं" असा असेल, तर सायानिडिओशायझॉनकडे उत्तर नाही. प्रश्न "हा प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) चालतो का, हे प्रथिन कुठे जाऊन बसतं" असा असेल, तर कोकणातल्या छोट्या जागेत याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही.

कन्स्ट्रक्ट: खरी मेख

वनस्पतींच्या प्रयोगशाळेतून शेवाळाकडे आलेला माणूस बरोबर फ्रीजरमधली एक ट्यूब घेऊन येतो. त्यात सीएएमव्ही या वनस्पतींच्या विषाणूचा ३५एस प्रमोटर आणि पुढे जिवाणूचं गस जनुक. तंबाखूत चाललं, भातात चाललं, मग शेवाळात का नाही? जपान, चीन आणि इतरत्रही सुरुवातीला हेच वापरलं गेलं. निळा रंग कधी दिसायचा, कधी नाही, आणि दिसला तरी फिकट. बरेच दिवस दोष पद्धतीला दिला गेला: दाब कमी पडला असेल, कण मोठे असतील.

जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठाच्या हाकोदाते इथल्या कोजी मिकामी आणि सहकाऱ्यांनी २००८ ते २०१० च्या दरम्यान या गोष्टीचा छडा लावला. पोर्फायरा येझोएन्सिसच्या जनुकांत जी आणि सी ही अक्षरं जास्त आहेत. तीच अमिनो आम्लं लिहायला ते वेगळे कोडॉन (डीएनएचे तीन अक्षरी शब्द) वापरतं. जिवाणूचं गस जनुक त्याच्या दृष्टीने अनोळखी बोलीत लिहिलेलं. म्हणून त्यांनी गसचं स्पेलिंग पोर्फायराच्या सवयीप्रमाणे बदललं, प्रथिन तेच ठेवलं, आणि त्याला पायगस हे नाव दिलं. एवढ्यानेही काम भागलं नाही. ३५एसच्या पुढे पायगस लावलं तरी रंग मंदच. पोर्फायराच्याच अ‍ॅक्टिन जनुकाचा प्रमोटर लावला, तेव्हा कुठे पेशी गडद निळ्या झाल्या. दोन्ही बदल हवेत, एकटा कुठलाच पुरत नाही.

हे कळल्यावर माणूस दुसरी चूक करतो: पायगस आणि अ‍ॅक्टिन प्रमोटरची तीच जोडी उचलून ग्रॅसिलारियात घालतो. ही जोडी पोर्फायरा आणि त्याचा नातलग बँगिया यांच्या घरात चालते. ग्रॅसिलारिया ज्या बाजूला आहे, त्या बाजूला तिचा तसा जोर नाही. जीनोमच्या आकड्यांवरूनही अंदाज येतो. पोर्फायरा अंबिलिकॅलिसचा जीनोम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात जी-सीचं प्रमाण ६६ टक्क्यांच्या आसपास आहे. ग्रॅसिलारियाच्या बाजूच्या कॉन्ड्रस क्रिस्पसचा जीनोम २०१३ चा, त्यात हे प्रमाण ५३ टक्क्यांच्या जवळपास, म्हणजे गस ज्या जिवाणूचं त्या एश्चेरिशिया कोलायपासून फार लांब नाही. कॉन्ड्रसच्या नातेवाइकाला पोर्फायराच्या बोलीत पत्र लिहिणं म्हणजे मालवणी माणसाशी वऱ्हाडीत बोलणं. अर्थ पोचेल कदाचित, पण जिव्हाळा नाही. ग्रॅसिलारिया आणि कप्पाफायकसवर काम करणाऱ्यांनी एसव्ही४० हा विषाणूचा प्रमोटर बराच वापरला आहे. तो चालतो. पण माझा कल सरळ आहे: ज्या शेवाळात काम करायचं त्याच्याच अ‍ॅक्टिनचा किंवा तसल्या सदा चालू जनुकाचा प्रमोटर काढा. आता जनुक बनवून घेणं बंदुकीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. प्रस्तावातला पैसा तिथे टाका.

कुठे दिसणार: निळं की चमकतं

गस, लॅकझेड आणि चमकणारी प्रथिनं हे तीन पर्याय. लॅकझेड मी एका वाक्यात बाद करते: बऱ्याच शेवाळांत स्वतःचं बीटा-गॅलॅक्टोसिडेज असतं आणि मग निळा रंग कुणाचा हेच कळत नाही.

गसमध्येही फसायला होतं. माझ्याच हातून झालेलं सांगते. बंदुकीने मारलेली पोर्फायराची पाती एक्स-ग्लूकमध्ये (गस असलं की निळं होणारं रसायन) ठेवून ३७ अंशाला रात्रभर उबवली. सकाळी बघते तर कडेने सुंदर निळे ठिपके. सरांना फोन करायला निघाले होते. मग आठवलं, न मारलेली पानंही शेजारच्या वाटीत आहेत. त्यांच्याही कडेला तेच ठिपके. पान कातळावरून आणलेलं, कडांना जिवाणूंचा थर चिकटलेला, आणि गस एन्झाइम मुळात जिवाणूंचंच. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: न मारलेलं पान, नुसत्या सोन्याने मारलेलं पान आणि डीएनए लावलेल्या सोन्याने मारलेलं पान, तिन्ही एकाच वेळी एकाच वाटीच्या तुकडीत. पहिली दोन निळी झाली नाहीत तरच तिसऱ्याकडे बघायचं. मिश्रणात थोडं मेथॅनॉल घातलं तर पेशीचं स्वतःचं गस दबतं, हा वनस्पतीवाल्यांचा जुना उपाय इथेही करून बघण्यासारखा आहे.

चमकणाऱ्या प्रथिनांत रंग निवडताना एक गोष्ट डोळ्यांपुढे ठेवा: लाल शेवाळ लाल कशाने दिसतं? फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्याने. ते हिरवा उजेड घेतं आणि साधारण ५७५ ते ५८० नॅनोमीटरला नारिंगी चमक सोडतं. त्याच्या पलीकडे ६८० च्या आसपास हरितद्रव्याची चमक. म्हणून लाल किंवा नारिंगी चमकणारं प्रथिन घेणं म्हणजे शिमग्याच्या होळीपुढे मेणबत्ती लावणं. हिरवं (५०९ नॅनोमीटरच्या आसपास) किंवा निळसर प्रथिन घ्या. जपानी गटाने निळसर, हिरवी आणि पिवळी तिन्ही पोर्फायरात चालवून दाखवली. मात्र तिथेही प्रथिनाचं जनुक जी-सीने भरलेलं असायला हवं.

आत कसं घालायचं

बंदूक आधी, कारण तिचाच मोह सगळ्यांना असतो. सोन्याचे ०.६ मायक्रॉनचे कण घ्यायचे, त्यांच्यावर २.५ मोलर कॅल्शियम क्लोराइड आणि ०.१ मोलर स्पर्मिडिन वापरून डीएनए बसवायचा, अल्कोहोलने धुवायचं. मग निर्वात पेटीत पान ठेवून हेलियमचा दाब वाढवायचा, की ठरावीक दाबाला पातळ चकती फुटते आणि कण पानावर आदळतात. ११०० पीएसआयच्या चकत्या सर्रास वापरल्या जातात. टंगस्टनचे कण स्वस्त असतात, पण ते गंजतात आणि डीएनएला त्रास देतात, तिथे काटकसर नको. बंदुकीचं बलस्थान असं, की पेशीभित्ती काढावी लागत नाही आणि शेवाळ कुठलंही चालतं. मर्यादा अशी, की एका फेरीत हजारो पेशींतून मूठभरच यशस्वी होतात. चकत्या आणि सोनं दर फेरीला खर्च होतं. हेलियमचा सिलिंडर घाट उतरून येईपर्यंत पोर्फायराचा हंगाम निम्मा सरतो, हे मी दोनदा अनुभवलं आहे. आणि कोकणातल्या दमट हवेत कणांच्या गुठळ्या होतात. अल्कोहोलमधून काढून कण वाहणाऱ्या दुसऱ्या चकतीवर पसरल्यावर डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या भांड्यात) झटपट वाळवा, नाहीतर कणांचा वर्षाव होण्याऐवजी एकच गोळा पडतो आणि पानाला भोक.

इलेक्ट्रोपोरेशनला (विजेच्या झटक्याने डीएनए आत) आणि पीईजीला (पॉलिइथिलीन ग्लायकॉल या रसायनाने आत) आधी पेशीभित्ती काढून प्रोटोप्लास्ट, म्हणजे उघड्या पेशी, करावे लागतात. पोर्फायराची भित्ती झायलन, मॅनन आणि पोर्फिरनची, ग्रॅसिलारियाची आगराची, कप्पाफायकसची कॅरॅगीननची. प्रत्येकीला वेगळी एन्झाइमं, आणि ती बाजारात सहज मिळत नाहीत. अबालोन या शेवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगायीच्या आतड्यातून काढलेलं मिश्रण वापरणारे लोक आहेत. वीज वापरायची तर आणखी एक खोड: समुद्राचं पाणी वीज वाहून नेतं. प्रोटोप्लास्टवर थोडंसं मीठ राहिलं की क्यूवेटमध्ये (यंत्रातल्या छोट्या डबीत) ठिणगी उडते, 'टक्' आवाज येतो आणि सगळ्या पेशी मेलेल्या असतात. मॅनिटॉलच्या कमी क्षाराच्या द्रावणात दोन-तीनदा धुवावं लागतं, आणि धुताना नाजूक प्रोटोप्लास्ट फुटतात. ज्यांच्याकडे प्रोटोप्लास्ट करण्याचा हात आधीच बसला आहे त्यांनीच इकडे यावं. सायानिडिओशायझॉनला भिंतच नाही, म्हणून तिथे पीईजी झकास चालतं. त्या जोडीला मी पूर्ण गुण देते.

अ‍ॅग्रोबॅक्टेरियमबद्दल बाहेर उत्साह फार. वनस्पतीत स्वतःहून जनुक सोडणारा हा जिवाणू; यंत्र लागत नाही, बियाणांच्या कंपन्यांनी नाव केलेलं. काही गटांनी पोर्फायरा आणि कप्पाफायकसमध्ये त्याने जनुक गेल्याचं लिहिलंही आहे. पण या जिवाणूला जनुक द्यायला आम्लधर्मी माध्यम हवं, साधारण साडेपाच पीएचचं, अ‍ॅसिटोसिरिंगॉन हे त्याला चेतवणारं रसायन हवं आणि २८ अंशांखालचं तापमान हवं. समुद्राचं पाणी आठच्या वर पीएचचं, खारट, आणि आपल्याकडची खोली वर्षातले आठ महिने तीस अंशाची. त्यात शेवाळाच्या कपारीत लपलेला अ‍ॅग्रोबॅक्टेरियम पीसीआरला (जनुक आहे का हे बघायच्या चाचणीला) 'होय' म्हणतो आणि आपण पेढे वाटतो. वनस्पतीवाले अशा वेळी गसमध्ये इंट्रॉन (पेशीने कापून टाकायचा मधला तुकडा) घालतात, म्हणजे जिवाणूला तो वाचता येत नाही. पण लाल शेवाळांच्या जनुकांत इंट्रॉन मुळातच विरळ. वनस्पतीचा इंट्रॉन ते नीट कापतील याची हमी कोण देणार? ज्यांनी हे केलं त्यांच्या यशावर मी शंका घेत नाही. सदर्न ब्लॉट (जनुक शेवाळाच्याच डीएनएत बसल्याचा पुरावा देणारी चाचणी) न दाखवता नुसत्या पीसीआरवर विसंबणाऱ्यांवर घेते.

राहिले काचेचे मणी. सगळ्यात स्वस्त, आणि ज्यांच्याबद्दल सगळ्यात कमी विचारलं जातं. क्लॅमिडोमोनाससारख्या हिरव्या शेवाळात हे जुनं तंत्र. नळीत पेशी, डीएनए आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे काचेचे मणी घालायचे आणि व्होर्टेक्सवर (नळी गरगर हलवणारं यंत्र) काही सेकंद हलवायचं. लाल शेवाळाच्या पेशीची भिंत जाड, मग इथे कसं चालणार? उत्तर जीवनचक्रात आहे. लाल शेवाळाचे बीजाणू सुटतात तेव्हा त्यांच्याभोवती भिंत नसते, कुठेतरी चिकटल्यावर ती तयार होते. त्या थोड्या वेळात पेशी आपसूकच प्रोटोप्लास्ट असते, एन्झाइम न लावता. चीनमध्ये पोर्फायरा हायटानेन्सिसच्या कोंकोस्पोअर या बीजाणूंवर २०१० च्या सुमारास हेच केलं गेलं आणि लॅकझेड व हिरवं चमकणारं प्रथिन टिकून राहिल्याचं दाखवलं गेलं. शिवाय एका बीजाणूतून एक पान.

कोंकोस्पोअर मिळवायला कोंकोसेलिस अवस्था हवी. पोर्फायराचं पान आणि शिंपल्यात वाढणारे ते गुलाबी धागे एकाच जिवाचे आहेत हे कॅथलीन ड्रू यांनी १९४९ मध्ये ओळखलं. जपानची नोरीची शेती त्या एका शोधावर उभी आहे, कुमामोतोजवळ त्यांचं स्मारकही आहे. आपल्याकडे रिकाम्या कालवांच्या शिंपल्यांचा तोटा नाही. घासून, उकळून, निर्जंतुक करून बाटलीत घातल्या की झालं. बंदुकीच्या एका चकतीच्या किमतीत काही महिन्यांची सोय.

टिकलं का?

वरचं बरंचसं यश तात्पुरतं असतं: जनुक आत गेलं, दोन-तीन दिवस बोललं, मग विरलं. टिकाऊ झाड हवं तर निवड करावी लागते, आणि इथे वनस्पतीवाल्यांचं आवडतं प्रतिजैविक कॅनामायसिन कामाचं नाही, पोर्फायरा ते सहज पचवतं. हायग्रोमायसिन लागू पडतं, म्हणून त्याचं प्रतिकारक जनुक, तेही पोर्फायराच्या कोडॉनमध्ये लिहून, वापरलं जातं. आधी आपल्या शेवाळावर मात्रा ठरवा: न बदललेली पाती वेगवेगळ्या प्रमाणात ठेवून कुठल्या प्रमाणाला ती मरतात हे बघायला निदान महिना द्या. हा महिना प्रस्तावात कुणी लिहीत नाही आणि मग सगळं वेळापत्रक कोसळतं.

कायद्याचं थोडक्यात. जनुक बदललेल्या जिवांबद्दलचे १९८९ चे केंद्राचे नियम प्रयोगशाळेतल्या कामालाही लागू आहेत. संस्थेची जैवसुरक्षा समिती आधी, गरजेप्रमाणे पुढे आरसीजीएम, आणि उघड्या समुद्राची गोष्ट निघाली तर जीईएसी, या दोन केंद्रीय समित्या. सिंकमध्ये काहीही ओतायचं नाही, ऑटोक्लेव्ह करूनच. आपल्याकडची अनेक गटारं थेट खाडीला मिळतात, हे लक्षात घेऊन वागा.

आणखी एक विचारून घ्या: तुम्हाला खरंच शेवाळात जनुक घालायचं आहे का? ग्रिफिथसिया या लाल शेवाळातलं विषाणूविरोधी ग्रिफिथसिन प्रथिन लोकांनी तंबाखूच्या जातभाई झाडात तयार केलं, म्हणजे शेवाळाचं जनुक वनस्पतीत घातलं. फक्त प्रथिन हवं असेल तर हा उलटा रस्ता सोपा पडतो.

तेव्हा परवा फोन केलेल्या मुलीला मी हे सांगितलं. तिचा प्रश्न पोर्फायराच्या पानाचा होता, पैसे थोडे, वर्षं दोन. बंदूक मागवू नकोस, दुसऱ्या संस्थेतली दोन दिवसांसाठी मागून घे, ती फक्त प्रमोटर तपासायला. तोवर पोर्फायराच्या अ‍ॅक्टिनचा प्रमोटर आणि त्याच्याच कोडॉनमधलं हिरवं चमकणारं प्रथिन बनवून घे. पाऊस लागल्यावर ऑगस्टमध्ये पाती आण, पण खडपावर एकटी जाऊ नकोस. कालवंवाल्या बायकांबरोबर जा, कुठल्या कातळावर लाट कधी चढते ते त्यांना माहीत असतं. शिंपल्यांत कोंकोसेलिस लाव, थंडीत बीजाणू सुटतात का बघ, आणि मणी हलवायला व्होर्टेक्स तुमच्याकडे आहेच. ती म्हणाली, "पण ताई, यंत्राच्या रकान्यात मग काय लिहू?" मी म्हटलं, इन्व्हर्टर लिही, आणि बॅटऱ्या दोन.